आधी ट्यूब बघा, मग पट्टी

घरी वॅक्स करायला बसलेल्या मुलीला घरातल्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात, ‘काही औषधं चालू नाहीत ना?’ उत्तरही हमखास ‘नाही’ असंच येतं. ती मुलगी खोटं बोलत नसते. आपल्याकडे औषध म्हणजे गोळी, फार तर सलाईन. रात्री तोंडाला लावून झोपायची ती क्रीम, तिला कोण औषध म्हणतं? पण वॅक्स स्ट्रिपशी सगळ्यात जास्त वैर असतं ते या क्रीमचंच. हे मी पाहिलं ते धुळ्याला, माहेरच्या लग्नघरात.

थोरल्या भाचीचं लग्न एप्रिलमध्ये होतं. मी जळगावची, त्यामुळे धाकट्या भाचीचा फोन आला, ‘आत्या, येताना वॅक्स स्ट्रिप घेऊन ये, इथं पार्लरला नंबरच लागत नाहीये.’ लग्नसराईत धुळ्यात काय अन् जळगावात काय, पार्लरवाल्या ताईंना श्वास घ्यायला फुरसत नसते. मी फुले मार्केटमधून दोन पाकिटं घेतली, एक हातापायांचं आणि एक चेहऱ्याचं. नावाजलेली कंपनी, मुदत शिल्लक, पाकीट सीलबंद.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी देवपूरच्या घरी वरच्या खोलीत पोरी बसल्या. एका मुलीनं चेहऱ्याची पट्टी वरच्या ओठावर लावली, ओढली, लव निघाली, दोन मिनिटं लाली राहिली आणि गेली. त्याच पाकिटातली पुढची पट्टी धाकट्या भाचीनं लावली आणि ओढली. पट्टीवर केसांसोबत पातळ पापुद्रा आला. ओठावर बोटभर जागा ओली, लालभडक, चकाकणारी. आमची आई जिना चढून आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, ‘हाई काय व्हयनं व माय!’ कुणी हळदीची वाटी आणली, कुणी टूथपेस्ट. दोन्ही बाजूला ठेवून आम्ही गार पाण्याचा स्वच्छ फडका लावला आणि संध्याकाळी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी स्ट्रिपच्या पाकिटाकडे पाहिलंही नाही. ‘चेहऱ्याला रोज काय लावतेस?’ एवढंच विचारलं. भाचीनं पर्समधून ट्यूब काढली. कॉलेजातल्या मैत्रिणीनं सांगितलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली, ‘डाग जातात आणि रंग उजळतो’ म्हणून गेले काही महिने रोज रात्री लावलेली. तिच्यात तीन औषधं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पाकीट एक, खोली एक, दुपार एक. फरक होता तो या ट्यूबचा.

क्रीम कातडीचं काय करते

वॅक्स फक्त केसाला चिकटत नाही, कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरालाही चिकटतं. निरोगी त्वचेवर तेवढा थर निघाला तर बिघडत नाही, उलट हात गुळगुळीत लागतो तो त्यामुळेच. ट्रेटिनॉइन मात्र तो थर पातळ करतं आणि पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं. मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते महिनोन् महिने लावलं की खालची कातडीही पातळ पडते. अशा कातडीवरून पट्टी ओढली की वरच्या थरासोबत खालचा जिवंत थरही येतो.

ही गोष्ट आमच्याच घरची नाही. गोरं दिसण्यासाठी स्टेरॉइडची मलमं लावून चेहरा बिघडवून घेतलेल्यांची संख्या देशभर इतकी वाढली की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला त्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेला लावायची अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरीही काउंटरवर ती मागितली की मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून ‘औषध चालू आहे का’ असं विचारू नका. ‘तोंडाला काय काय लावतेस, सगळ्या ट्यूबा आण’ असं म्हणा. बारीक अक्षरांत ही नावं शोधा: ट्रेटिनॉइन, ॲडापालीन, रेटिनॉल, ग्लायकोलिक ॲसिड, हायड्रोक्विनोन; आणि स्टेरॉइडपैकी मोमेटासोन, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन. यांतलं एकही असेल तर त्या जागी पट्टी नको. मुरुमांची ॲडापालीन जेल किंवा रेटिनॉलचं सीरम असेल तर निदान आठवडाभर ते थांबवून मगच वॅक्सचा विचार करावा, आणि तोही डॉक्टरांना विचारून. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल चालू असतील तर त्या काळात आणि त्या बंद केल्यावर सहा महिने वॅक्स पूर्ण वर्ज्य. स्टेरॉइडची क्रीम बरेच दिवस लावत असाल तर ती मनानं झटक्यात बंदही करू नका. चेहरा लाल होऊन भडकतो आणि घाबरून मुली पुन्हा तीच ट्यूब सुरू करतात.

तोवर ओठावरच्या लवेला दोरा बरा. दोरा केसाला धरतो, कातडीला चिकटत नाही. तोही कातडी शांत असेल तरच. नाहीतर छोट्या कात्रीनं लव कापून घ्यावी. कापल्यानं केस जाड येतात हा समज चुकीचा आहे. टोक बोथट झाल्यामुळे ते खरखरीत लागतात, एवढंच.

पाकीट घेताना

चेहऱ्याची आणि हातापायांची पट्टी वेगवेगळी घ्यावी. पायाची पट्टी कापून ओठावर लावण्याची काटकसर घरोघरी चालते; पण पायाच्या राठ केसांसाठी केलेली पकड ओठाच्या नाजूक कातडीला झेपेलच असं नाही. पाकिटावर बॅच नंबर, परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असायलाच हवी. परदेशी माल असेल तर आयात नोंदणीचा क्रमांकही. आठवडे बाजारात किंवा गाडीवर सुट्या मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पट्ट्या घेऊ नयेत.

तयार पट्टीतलं वॅक्स बहुधा राळेपासून केलेलं असतं. घटकांत ‘रोझिन’ किंवा ‘रोझिनेट’ असा शब्द दिसतो. राळेची ॲलर्जी काहींना असते. जखमेवर चिकटपट्टी लावली की ज्यांना खाज सुटते, पुरळ येतं, त्यांनी विशेष जपावं. नवं पाकीट आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटा तुकडा लावून काढा आणि २४ तास थांबा. घरी केलेलं साखर-लिंबाचं वॅक्स पाण्यानं धुतलं जातं. राळेचं पाण्यानं निघत नाही, त्याला तेल लागतं. पाकिटातले तेलकट रुमाल संपले तर खोबरेल तेल चालतं. साखरेचा पाक हातावर ओतून भाजून घेण्याचे प्रकारही कमी नाहीत; त्या मानानं तयार पट्टीचा मोठा गुण म्हणजे भाजण्याची भीती नसते.

आपल्या हवेचं काय

पट्टीच्या सूचना लिहिणाऱ्यानं जळगावचा मे महिना पाहिलेला नसतो. तळव्यांत घासून पट्टी गरम करा, असं पाकीट सांगतं. पारा ४३-४४ अंशांवर गेल्यावर पट्टी आधीच वितळलेली असते. वॅक्स कागद सोडून अंगालाच चिकटतं, केस तसेच राहतात, मग माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा ओढतो आणि कातडी सोलवटते. घामानंही पकड सुटते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी, गार खोलीत करा. जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून, अगदी किंचित पावडर लावा. पाकीट पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. शेतातून किंवा उन्हातून रापून आलात तर त्या दिवशी पट्टीला हात नको.

हिवाळ्यात नेमकं उलटं. धुळ्यात थंडीच्या कडाक्यात काही पहाटे पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो. पट्टी कडक होते आणि केस अर्ध्यात तुटतात. अशा वेळी तळव्यांत जास्त वेळ घासा, पण तव्यावर किंवा गॅसवर धरू नका.

लावणं आणि ओढणं

केस फार आखूड असतील तर पट्टी धरत नाही, फार लांब असतील तर जास्त दुखतं. साधारण तांदळाच्या दाण्याएवढी लांबी पुरते. केस ज्या दिशेनं वाढतात त्या दिशेनं पट्टी दाबून बसवा. एका हातानं कातडी ताणून धरा आणि उलट दिशेनं, कातडीला लागूनच, एका झटक्यात ओढा. वर, आकाशाकडे ओढली की कातडी उचलली जाते आणि खाली निळे डाग पडतात. एका जागी दोनदा ओढून जे केस राहतील ते चिमट्यानं काढा, तिसरी पट्टी नाही. एकीची पट्टी दुसरीला नाही, अगदी सख्ख्या बहिणीलाही नाही.

त्यानंतर एक दिवस गरम पाण्याची आंघोळ, डिओ, घट्ट लेगिंग आणि ऊन टाळा. वॅक्स आणि हळद यांत निदान दोन-तीन दिवसांचं अंतर हवं. केस उपटल्यावर त्यांची मुळं उघडी असतात; त्यावर उटणं घासलं, बाजारची रंग घातलेली हळद चोळली की आग होते, पुरळ उठतं आणि मग फोटोत तेच दिसतं.

कुणी थांबावं

तीळ, चामखीळ, फोड, गजकर्ण, एक्झिमा, ताजी जखम यांवर पट्टी लावू नये. चामखीळ तर पसरू शकते. पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, मधुमेह असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. हनुवटीवर, गळ्यावर राठ काळे केस नव्यानं येऊ लागले असतील आणि सोबत पाळीही अनियमित असेल, तर पट्टीवर पट्टी लावत बसू नका. ते पीसीओएसचं लक्षण असू शकतं आणि त्याचा इलाज पार्लरमध्ये नाही.

कातडी निघालीच तर

गार, स्वच्छ पाण्याचा फडका दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. हळद, टूथपेस्ट, लिंबू, तुरटी, घरातलं उरलेलं मलम यांतलं काही नको. खपली काढू नका. जागा पाणावत राहिली, पू दिसला, ताप आला किंवा सूज वाढली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना स्ट्रिपचं पाकीट आणि चेहऱ्याला लावायच्या सगळ्या ट्यूबा सोबत न्या.

जखम भरली तरी आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर काळसर डाग मागे राहतो आणि ऊन लागलं की तो गडद होतो. भाचीचा डाग जायला कित्येक महिने लागले. त्या काळात सनस्क्रीन आणि ओढणी याच तिच्या खऱ्या क्रीम होत्या. डाग लवकर घालवायला पुन्हा तसलीच ट्यूब आणायचा मोह होतो, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी ठाम राहावं. उजळायची क्रीम लावून पातळ झालेली कातडी, त्यावर पट्टी, पट्टीनं पडलेला डाग आणि डागासाठी परत क्रीम. हा फेरा तोडायचा तर तो ट्यूबपाशीच तुटतो. म्हणून तुमच्या घरी लग्न निघालं असेल तर पट्ट्यांची यादी करण्याआधी पोरींच्या पर्स उघडायला लावा आणि सगळ्या ट्यूबा टेबलावर मांडा. ज्या खोक्यावर ‘आरएक्स’ असं चिन्ह दिसेल ते औषध आहे, मग त्यावर कितीही गोरा चेहरा छापलेला असो.