बापाच्या अंथरुणाशी



बाप आजारी पडला की दुरावलेली भावंडे घरी येतात. कोणी डॉक्टरांशी बोलते, कोणी ओसरीवर गप्प बसून राहते. एकमेकांशी मात्र शब्द नाही. सातबाऱ्यावरचे नाव किंवा आईचे दागिने, काहीतरी मध्ये असतेच. आपल्या धर्मग्रामाला हे चित्र नवे नाही. बायबललाही नाही.

उत्पत्तीचे पुस्तक काढून पाहू या. १७५ वर्षांचा अब्राहाम वारला, तेव्हा इसहाक आणि इश्माएल ह्या दोघांनी मिळून त्याला मकपेलाच्या गुहेत पुरले (२५:९). इश्माएलला तर लहानपणीच आईसह घराबाहेर काढले होते! दोघे काय बोलले, ते लिहिलेले नाही. पुढे एसावाने मनात ठरवले होते की, बापाच्या सुतकाचे दिवस आले की याकोबाला ठार मारायचे (२७:४१). प्रत्यक्षात तो दिवस आला तेव्हा इसहाकाला दोघांनी मिळून मूठमाती दिली (३५:२९). मधल्या काळात वाटेत गळामिठी झाली होती, हे विसरू नये. समेट बापाच्या मरणाआधीच झाला होता.

याकोबाच्या घरी तसे झाले नाही. मिसर देशात १७ वर्षे सगळे एकत्र राहिले, मरणाच्या वेळी बाराही मुलगे त्याच्याभोवती होते. (म्हाताऱ्याने गोडच बोलावे असे नाही: रऊबेन, शिमोन आणि लेवी ह्यांना त्याने खडे बोल सुनावले.) पण भावांनी योसेफाला विकले होते, त्याबद्दल त्याची माफी मागणे राहूनच गेले. बाप गेल्यावर ते घाबरले आणि निरोप धाडला की, बाबांनी मरण्यापूर्वी सांगितले होते, भावांना क्षमा कर (५०:१६-१७). याकोब असे बोलल्याचे आधी कुठेच येत नाही. आमच्या मते त्यांनी ते भीतीपोटी रचले. निरोप ऐकून योसेफ रडला. त्याने क्षमा कधीच केली होती, पण भावांना ते खरे वाटत नव्हते.

संत याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी वडीलजनांना बोलावून तेल लावायला सांगितले आहे, आणि लगेच पुढच्या ओळींत एकमेकांजवळ पापे कबूल करायला (५:१४-१६). हे दोन्ही एकत्र वाचावे. रुग्णाभ्यंगाला आपण अजून ‘शेवटचे साक्रामेंत’ म्हणतो आणि शुद्ध हरपल्यावर फादरांना बोलावतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ सालीच स्पष्ट केले की, ते फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. आजाराने वा म्हातारपणाने धोका जाणवू लागला की ती योग्य वेळ. बाबा शुद्धीवर असतील तर ते स्वतः पापनिवेदन करू शकतात, ख्रिस्तशरीर घेऊ शकतात, आणि थोरल्याचा हात धाकट्याच्या हाती देऊ शकतात.

म्हणून फादरांना निरोप द्याल त्याच दिवशी न बोलणाऱ्या भावालाही फोन करा. फोन आधी कोणी करायचा, ह्या वादात दोन दिवस घालवू नका.