दिवाळीनंतर सायकल उलटी करा

लासलगावच्या बाजारात लाल कांद्याचे ट्रॅक्टर वाढायला लागले की आमच्याकडचे रस्ते सायकलवाल्याच्या मुळावर येतात. पावसाने उखडलेली खडी तशीच पडून असते, चिखलाची धूळ झालेली असते आणि पहाटे त्या धुळीवर दव पडतं. निफाडची थंडी पेपरात येते ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्याने; सायकलवर ती आधी बोटांना कळते. वस्तीवरून बाजारापर्यंत नऊ किलोमीटर मी साध्या, बिनगिअरच्या सायकलवर जातो. अशा रस्त्याला तीच बरी. मागे लोंबणारं, दगडाला अडकणारं काही नाही, धुळीने अडणाऱ्या गिअरच्या केबली नाहीत. मात्र जे चार भाग आहेत ते ठाकठीक हवेत. दिवाळीनंतरचा एक रविवार त्यासाठी काढा.

आधी चेन. सायकल सीट-हँडलवर उलटी उभी करा, चेनकव्हर काढा आणि पावसाळ्यातला काळा चिकटा रॉकेलच्या फडक्याने पुसून काढा. मग पट्टी लावा. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं की पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती इंचाचा आठवा भाग पुढे गेली असेल तर चेन ताणली आहे. बदला, नाहीतर दाते खाईल. तेल घालताना हात आखडता घ्या. शिलाई मशीनचं पातळ तेल, प्रत्येक रोलरवर एक थेंब, थोडा वेळ पायडल फिरवायचं आणि वरचं तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून चेनवर ओतणारे गावोगाव आहेत. त्यात धूळ बसली की ते पॉलिश पेपरचं काम करतं.

आता ताण. पायडल सावकाश फिरवत चेन मधोमध बोटाने दाबत राहा. पुढचं दात्यांचं चाक सहसा अगदी गोल फिरत नाही, म्हणून चेन एका जागी घट्ट, एका जागी सैल लागते. जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे ती अर्धा इंच खालीवर हलली पाहिजे. सैल जागा धरून ताण दिलात तर घट्ट जागी पायडल अडखळेल आणि फ्रीव्हीलचे छर्रे लवकर जातील. मागचे दोन्ही नट ढिले करा, दोन्हीकडचे अॅडजस्टर सारखेच फिरवा, चाक दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये आहे ना बघा आणि मग आवळा. आवळताना चाक हटकून थोडं सरकतं. पुन्हा बोट लावून बघा.

त्याच वेळी दाते मोजा. माझ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ होते. २८ इंची चाकावर म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला साधारण साडेपाच मीटर. सपाट डांबरीवर झकास. पण समोरून गार वारा आणि खाली खडी असली की गुडघे बोलायला लागतात. मी मागे २० दात्यांचं फ्रीव्हील टाकून घेतलं. फेरा पाच मीटरच्या जरा आत आला, वेग थोडा गेला, त्याची खंत नाही. दोन दाते वाढले की चाक पाव इंच पुढे घ्यावं लागतं. खाचेत तेवढी जागा आहे का ते आधी बघा. जुनं फ्रीव्हील काढायचं काम मात्र दुकानावर सोपवा, घरी ठोकाठोकी करू नका.

हवेबद्दल लोक गाफील असतात. दुपारी उन्हात ४५ पौंड भरली तर थंड पहाटे तीच ४१च्या आसपास भरते. पंक्चर नसतानाही टायर मऊ लागतो तो यामुळे, आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपते. पहाटेच हवा बघा. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा ओलांडू नका. फार टणक चाक खडीवर उडतं.

आणि बाभळीचे काटे! मागच्या वर्षी एकाच आठवड्यात मी एकाच जागी दोनदा पंक्चर काढलं. तिसऱ्यांदा टायर पूर्ण उतरवून आतून फडकं फिरवलं तर ते एका जागी अडलं. तांदळाच्या कणीएवढं काट्याचं टोक, बाहेरून न दिसणारं. चिमट्याने ते उपटलं आणि जुनी ट्यूब उभी चिरून, तिची पट्टी टायर आणि ट्यूबच्या मध्ये घातली. चाक थोडं जड झालं, पण तो हंगाम निभावला.

स्पोक मागे ४० आणि पुढे ३२ असतात. बोटाने एकेक छेडा. आवाज एकसारखा हवा. मध्येच एखादा ‘ठप्प’ वाजला तर तो सैल आहे. पाच-सहा तसे निघाले तर आउट काढून घ्या. पायडल मारताना दर फेऱ्याला ‘टक’ होत असेल तर कॉटर पिन बघा. मडगार्ड आणि कॅरिअरच्या नटांखाली स्प्रिंग वॉशर टाका, म्हणजे खडखड थांबते.

ब्रेकचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. लोखंडी रिमवर दव बसलं की रबर नुसतं घसरतं. पहाटे निघाल्यावर पहिले वीस-तीस मीटर ब्रेक हलका धरूनच चालवा. रिम पुसून निघते. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणून डायनॅमोच्या भरवशावर राहू नका. थांबलात की तो विझतो. मागे बॅटरीचा लाल दिवा लावाच. पायडलच्या कडांना चमकपट्टी चिकटवा. खालीवर हलणारा उजेड ट्रॅक्टरवाल्याला लवकर दिसतो. स्वतःच्या पुढच्या दिव्याचा झोत चार-पाच मीटरवर जमिनीकडे ठेवा.

रात्री सायकल पत्र्याखाली तरी घ्या. सीटखालच्या पिशवीत पाना, पंक्चरची पट्टी, सोल्युशन आणि छोटा चिमटा असू द्या. हातमोजे मी हँडलला अडकवून ठेवायचो, तर पहाटे ते दवाने ओले मिळायचे. आता ते चुलीजवळच्या खुंटीला असतात.