बायपासनंतर पोट कमी करताना

सिंगापूरला क्लेमेंटीत मी मुलीकडे राहते आणि धाकटा भाऊ दोन इमारती पलीकडे. या वर्षी त्याची बायपास झाली. घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने विचारलं, "ताई, हे पोट कधी उतरणार?" मी म्हटलं, "तीन महिने त्याचं नाव काढू नकोस." पण ऐकेल तर तो माझा भाऊ कसला! रात्रीचं जेवण बंद, पोटाला रुंद पट्टा आवळलेला आणि पलंगावर पाय लांब करून उठण्याचा व्यायाम सुरू.

या शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेने बांधतात. ते सांधायला दोन ते तीन महिने लागतात. पोटाचे व्यायाम केले की ताण थेट त्या हाडावर येतो. म्हणून उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत, मग मांड्यांच्या जोरावर उभं राहावं. खोकताना उशी छातीशी धरावी. तांदळाची पाच किलोची पिशवी उचलायची नाही. पोटाच्या पट्ट्याने चरबी जात नाही, उलट खोल श्वास अडतो आणि कफ साचतो. (डॉक्टरांनी छातीला पट्टा दिला असेल तर तो वेगळा, तो काढू नये.) उपाशी राहिलं तर जखम भरायला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत.

आता माझीच चूक सांगते. तीन दिवसांत त्याचं वजन दोन किलोने वाढलं. तो म्हणाला, "बघ, चरबी चढली," आणि त्याने जेवण आणखी कमी केलं. मीही दोन दिवस ते मनावर घेतलं नाही. इतकी वर्षं वॉर्डात काढलेली मी! तिसऱ्या दिवशी नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तो भरून येईना. रात्री त्याला दोन उशा लागत होत्या, हेही तेव्हाच कळलं. ते पाणी होतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, औषध बदललं, वजन उतरलं.

तीन दिवसांत दोन किलो चरबी चढत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

चालणं मात्र लवकर सुरू होतं. इथल्या इमारतींचा तळमजला मोकळा असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. सपाट जमीन, सावली, बसायला बाक. भावाने तिथेच पाच-पाच मिनिटांपासून सुरुवात केली. चालताना बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं किंवा चक्कर आली की थांबायचं आणि लगेच मदत मागायची.

खाण्यात आपली खरी गोम नारळात. मटणात दही-दूध चालत नाही म्हणून आपण नारळाचं दूध घालतो, आणि ते चांगलंच घट्ट! त्यातली चरबी हृदयाला सोसत नाही. मी चिंच-कांद्याचा रस्सा करते, क्वचित दुसऱ्या पाण्याचं पातळ दूध. कोशर मटण आधीच मिठात ठेवलेलं असतं, म्हणून वरून मीठ जपून. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, पण म्हणून कढईत तेल ओतायलाच हवं असं नाही, चमच्याने मोजा. रावस इथे कुराउ नावाने मिळतो, तो वाफवून द्या. बाहेर कॉफी हवीच असेल तर "कोपी-ओ कोसोंग" म्हणा, म्हणजे साखर नाही, दूध नाही. चिकाचा हलवा सणाला, एक वडी.

योम किप्पूरचा उपवास शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. जीव जपण्यासाठी उपवास सोडायला आपला धर्मच सांगतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे आणखी महत्त्वाचं.

हाड सांधलं, डॉक्टरांनी परवानगी दिली, की मग पोटाकडे बघायचं. एकट्या पोटाची चरबी कुठल्याही व्यायामाने जात नाही, सगळ्या अंगाची उतरते तेव्हाच पोट उतरतं. महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त घाई नको. कमरेचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजावा. आपल्याकडच्या पुरुषांचा 90 सेंटीमीटरच्या आत, बायकांचा 80 च्या आत असावा. भावाचा पहिल्यांदा 102 भरला होता. काल, सोळाव्या आठवड्यात, 99. टेप मी धरली होती, पोट आत ओढू दिलं नाही.