चांदीचं नाणं : आठवण म्हणून ठेवायचं की बचत म्हणून?



कापसाचा पैसा हातात आला आणि धनत्रयोदशी जवळ आली की जालन्याच्या सराफ्यात चांदीच्या नाण्यांना गिऱ्हाईक वाढतं. परवा बैठकीत एका ताईंनी विचारलं, "गटाच्या शिलकीतून सरकारी स्मारक नाणी घेऊन ठेवली तर? चांदी तर चढतच चाललीय." प्रश्न चांगला आहे, म्हणून या वेळचा पाठ त्यावरच घेऊ.

आधी एक फरक समजून घ्या. सराफाकडे लक्ष्मी-गणपतीचं जे "नाणं" मिळतं, ते कायद्याने नाणं नाहीच. तो चांदीचा शिक्का. त्यावर रुपयांचा आकडा नसतो आणि मोडताना चांदीच्या भावानेच जातो. स्मारक नाणं मात्र भारत सरकार काढतं. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या सरकारी टांकसाळीत ते पाडतात. त्यावर रुपयांची किंमत आणि अशोकस्तंभ असतो. मुंबईच्या नाण्यावर सालाखाली बारीक चौकटीसारखी खूण असते, हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, नोएडाच्या नाण्यावर गोल ठिपका. कोलकात्याची खूण नसते.

ही नाणी कशासाठी निघतात ते पाहिलं तर आपल्याला बरं वाटेल. 1969 मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला 10 रुपयांचं चांदीचं नाणं निघालं. 1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्या वर्षी "समानता, विकास, शांती" या विषयावर 50 रुपयांचं चांदीचं नाणं आलं. आणि 1980 साली तर विषयच होता ग्रामीण महिलांची प्रगती! बचत गटाचं नाव गावात कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. ते 100 रुपयांचं चांदीत निघालं आणि साध्या धातूत 25 आणि 10 पैशांचंही. म्हणजे तेव्हा कुणाच्या आईने ते बाजारात मोडलंही असेल. अलीकडे 31 मे 2025 ला अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त 300 रुपयांचं नाणं प्रसिद्ध झालं.

आता हिशोबाकडे येऊ. वही-पेन घ्या.

1969 चं गांधी नाणं 15 ग्रॅमचं, त्यात चांदी 80 टक्के, म्हणजे 12 ग्रॅम. पुढे बरीच वर्षं जी मोठी नाणी निघाली, ती 35 ग्रॅमची, पण चांदी निम्मीच. बाकी 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त. म्हणजे हातात 35 ग्रॅम असले तरी चांदी साडेसतराच ग्रॅम. सोप्यासाठी भाव ग्रॅमला 100 रुपये धरा (खरा भाव रोज बदलतो, त्या दिवशीचा बघा). नाण्यात चांदी झाली 1750 रुपयांची. टांकसाळ विकते ती किंमत यापेक्षा बरीच जास्त असते, कारण त्यात घडणावळ, डबी आणि कर येतो. सगळी नाणी मात्र सारखी नाहीत. रिझर्व्ह बँकेला 90 वर्षं झाली तेव्हा, 2024 मध्ये, 90 रुपयांचं नाणं 40 ग्रॅम शुद्ध चांदीत निघालं. म्हणून घेण्याआधी वजन आणि टक्केवारी, दोन्ही विचारायचं.

आणि विकायचं झालं तर? बँकेत नेलं तर त्यावर लिहिलेलेच रुपये मिळतील. वितळवायचं म्हणाल तर सरकारी नाणं वितळवणं 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. राहिला संग्राहक. त्याला तेच नाणं हवं असेल तर तो चांगली किंमत देतो, नसेल तर वाट बघायची. घरात आजारपण आलं किंवा पोरीची फी भरायची असली की वाट बघायला वेळ कुठे असतो?

माझं मत विचाराल तर गटाचा पैसा यात घालू नका. 5000 रुपये अंतर्गत कर्जात दरमहा 1 टक्क्याने फिरले तर वर्षाला 600 रुपये व्याज गटात येतं आणि एखाद्या बाईची शेळीही येते. नाणं डबीत बसून व्याज देत नाही. स्वतःच्या पैशातून, लेकीच्या जन्माची आठवण म्हणून एखादं घेतलं तर त्यात काही वाईट नाही.

खरं जपायचं असेल तर आधी सासूबाईंची ट्रंक उघडा. आपल्याकडे 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं, त्यामुळे कुणाकडे चारमिनार छापाचा हाली रुपया निघतो. तो साधारण 11.18 ग्रॅमचा. त्यात चांदी सुमारे 82 टक्के, शेवटच्या वर्षांतल्या रुपयांत मात्र निम्मी. राणीछाप इंग्रजी रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे जुना तोळाभर (आता सराफ 10 ग्रॅमचा तोळा धरतात), आणि त्यात चांदी जवळजवळ 92 टक्के. 1940 पासून तीही निम्म्यावर आली. 1947 चा रुपया तर निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. दारावर येणारा मोडवाला सगळे एका मुठीत घेऊन एकच भाव सांगतो. त्याला देऊ नका. साल बघा, वजन करून घ्या, दोन ठिकाणी विचारा.

जुनं नाणं काळं पडलं म्हणून चिंच, राख किंवा पितांबरीने घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतो. गळ्यात घालायला कडी लावली किंवा भोक पाडलं तर मग उरते फक्त चांदी. कडेने धरा, कोरड्या कागदात वेगवेगळं गुंडाळून ठेवा.

शेवटचं, फोनवरचं. "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी कर आणि कमिशन भरा," असे मेसेज येतात, कधी रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर सांगितलंय की आम्ही असा व्यवहार करत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे हा कुठला बाजार! ओटीपी देऊ नका, क्यूआर कोड स्कॅन करू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, त्याच घटकेला 1930 वर फोन लावा आणि गटाच्या सचिवांनाही कळवा, म्हणजे दुसरीला तोच फोन आला तर ती सावध असेल.