मधपेटीचा नंबर मोबाइलवर

प्रश्न : महाबळेश्वर भागात माझ्या सातेरी मधमाश्यांच्या चाळीस पेट्या आहेत. नोंदवही पावसात भिजते. क्यूआर स्टिकर लावू की एनएफसी टॅग?

उत्तर : तिथल्या पावसात कागदी स्टिकर टिकायचे नाही, टॅगच घ्या. पत्र्याच्या झाकणावर मात्र तो चिकटवू नका, धातूवर साधा टॅग वाचला जात नाही. मधकोठ्यांची अदलाबदल होते, म्हणून तो खालच्या, अंडी-पिल्लांच्या कोठीच्या लाकडावर लावा. शेजारी ऑइलपेंटने नंबर हवाच. मोबाइलची बॅटरी काय, कधीही दगा देते.

खरी गोम पुढे आहे. नोंद पेटीची नव्हे, वसाहतीची ठेवा. वसाहत विभागली की नव्या राणीला नवा नंबर. राणी केव्हाची, ताजी अंडी आहेत का, मेणकिडा दिसला का, एवढे पुरे. चिकट हातांनी टाइप करण्यापेक्षा बोलून नोंदवा. नोंदीचे ॲप रेंजशिवाय चालते का, हे आधी तपासा.