अधिकाऱ्याचे दार व युद्धाचा निषेध

(वाचावयाचे उतारे : २ शमुवेल १२:१–१४, प्रेषितांची कृत्ये १७:५–९)

एखादी लढाई अन्यायाची आहे असे ज्यांस मनापासून वाटते, त्यांनी तिचा निषेध करावा की नाही, हा ह्या पाठाचा प्रश्न नव्हे. तो उघडपणे करावा, असे आम्ही धरून चालतो. आमचा प्रश्न त्याहून लहान परंतु अधिक नाजूक आहे. तो निषेध कचेरीपुढे व कायदेमंडळापुढे करावा, की पुढाऱ्याच्या राहत्या घराच्या दारी जाऊन करावा?

दारी बसणे आपल्या लोकांस नवे नाही. पूर्वी धनको आपल्या ऋणकोच्या दारी उपाशी धरणे धरून बसे. मराठ्यांच्या फौजांत पगार थकला म्हणजे शिपाई आपल्या सरदारासही असेच धरणे धरीत. पुढे इ. स. १८६० च्या दंडसंहितेत, दैवी कोपाची भीती घालण्यासाठी दुसऱ्याच्या दारी असे बसणे हा कलम ५०८ अन्वये गुन्हा ठरला. ह्या जुन्या चालीत दोन गोष्टी एकत्र होत्या. ज्याचे कोणी ऐकत नसे त्यास दाद मागण्याचा तो एक मार्ग होता, हे तिचे बळ. आणि ज्यांचा काही अपराध नाही अशा घरातील बायकापोरांवरही तिचा भार पडे, हा तिचा दोष. आजच्या प्रश्नातही ह्याच दोन गोष्टी आहेत. त्या ओळखण्यासाठी परदेशांत घडलेली दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण अमेरिकेचे. सिंडी शीहान नावाच्या बाईचा केसी हा मुलगा सैन्यात होता. ता. ४ एप्रिल २००४ रोजी तो बगदाद येथे मारला गेला. इ. स. २००५ च्या आगस्ट महिन्यात अध्यक्ष जॉर्ज बुश हे टेक्सास प्रांतातील क्रॉफर्ड येथे आपल्या शेतवाडीवर राहावयास गेले असता ही माता तेथे गेली, व वाडीकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला तिने मुक्काम ठोकला. आपला मुलगा कोणत्या कार्यासाठी मेला, हे अध्यक्षांनी आपणांस समक्ष सांगावे, एवढेच तिचे मागणे होते. अध्यक्षांचे दोन अधिकारी येऊन तिच्याशी बोलले, परंतु अध्यक्ष स्वतः त्या वेळी भेटले नाहीत. पूर्वी एकदा, इ. स. २००४ मध्ये, इतर शोकग्रस्त कुटुंबांबरोबर त्यांची तिची भेट झाली होती. सडकेवर शेकडो लोक जमले. शेजारच्या शेतकऱ्यांस गर्दीचा त्रास झाला व त्यांनी तक्रारीही केल्या.

दुसरे उदाहरण लंडनचे. इ. स. २०२४ च्या एप्रिलात गाझातील लढाईच्या निषेधार्थ काही तरुण माणसे कीर स्टार्मर ह्यांच्या घरी गेली. स्टार्मर तेव्हा विरोधी पक्षाचे पुढारी होते. त्या माणसांनी दारासमोर लहान मुलांचे जोडे ओळीने मांडले व एक फलक धरला. त्यांनी कोणास मारले नाही की काही फोडले नाही. तथापि त्या घरी पुढाऱ्याची पत्नी व दोन मुलेही राहत होती. पुढे त्या तरुणांपैकी तिघांस न्यायालयाने दोषी ठरविले.

दारी जाणाऱ्यांच्या बाजूने जे म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, “कचेरीपुढे आम्ही शंभर वेळा गेलो, कोणी खिडकी उघडली नाही. ज्यांच्या हुकुमाने परक्यांची घरे जमीनदोस्त होतात, त्यांच्याच घराला शांतता का असावी?” हा प्रश्न दुःखातून आलेला आहे. परंतु त्याचे उत्तर त्या प्रश्नातच आहे. युद्धाचा निषेध करणाराचे सारे म्हणणे हेच की घर व लेकरू ही लढाईबाहेर असावीत. हे जो म्हणतो, त्यानेच दुसऱ्याचे घर रणांगण केले, तर त्याच्या शब्दातले बळ त्याच्याच हाताने गेले.

शास्त्रातील दोन प्रसंग येथे मार्ग दाखवितात. दावीद राजाने उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारविले, तेव्हा नाथान संदेष्टा राजवाड्यात गेला. परंतु तो एकटा गेला, ज्याचा अपराध त्याच्याशीच बोलला, आणि असे बोलला की राजाच्या तोंडूनच न्याय निघाला. शिवाय राजवाडा हे केवळ घर नव्हते, न्यायासनही तेथेच होते. थेस्सलनीका येथील गोष्ट ह्याच्या उलट. जमावाने यासोनाच्या घराला वेढा घातला. ज्यांस धरावयाचे ते सापडले नाहीत, म्हणून घरधन्यालाच ओढून नेले. घरावर चालून जाणाऱ्या जमावाचे असेच होते. ज्याच्यासाठी तो जातो तो पुष्कळदा घरी नसतो, व भलताच मनुष्य सापडतो.

कायद्यानेही हा भेद काही अंशी ओळखला आहे. इ. स. १९६५ मध्ये शिकागो शहरात शाळांतील वर्णभेदाविरुद्ध डिक ग्रेगरी ह्यांनी नगराध्यक्षांच्या घराभोवती शांतपणे मोर्चा नेला. दंगा शेजाऱ्यांनी केला, पण पकडले गेले मोर्चेकरी. इ. स. १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. पुढे इ. स. १९८८ मध्ये त्याच न्यायालयाने एका डॉक्टराच्या घरासंबंधीच्या खटल्यात असे ठरविले की, एकाच घरावर रोख धरून त्यापुढे उभे राहण्यास गावाला बंदी करता येते. मात्र वस्तीतून मोर्चा जाऊ देण्यास हा निर्णय आड येत नाही. इंग्लंडातही इ. स. २००१ च्या कायद्याने, घरापुढे त्रास देणारांस तेथून दूर जाण्यास सांगण्याचा अधिकार पोलिसांस दिला आहे. परंतु कायदा जे करू देतो ते सर्व योग्यच असते असे नाही.

आमचे मत असे. सडक सर्वांची आहे, उंबरठा एका कुटुंबाचा आहे. ती माता सडकेवर, दारापासून दूर, दिवसाढवळ्या आपले नाव सांगून बसली. तिचे बोलणे एका मनुष्याशी होते. तिला आम्ही दोष देत नाही. लंडनच्या तरुणांचे दुःख खोटे होते असेही आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या पुढाऱ्यास पार्लमेंटात व पक्षाच्या कचेरीत गाठता येते, त्याच्या मुलांच्या उंबऱ्यावर ते जोडे मांडणे ही जागेची चूक होती. रात्री घोषणा करणे, घराचा पत्ता गावभर वाटणे, मुलांस नावाने हाका मारणे, ह्यांस तर कोणतेही कार्य पवित्र करू शकत नाही.

हे सारे दूरच्या देशांचे खरे, परंतु आपल्या गावीही पाणी आले नाही म्हणजे बाया रिकामे हंडे घेऊन निघतात. त्यांनी ग्रामपंचायतीच्या कचेरीपुढे बसावे, पुन्हा पुन्हा बसावे, उठविले तरी परत यावे. सरपंचाच्या अंगणात मात्र त्याची म्हातारी आई वाती वळीत बसलेली असते. हंडे तिच्यापुढे आपटून नळाला पाणी येत नाही.

उपदेशकांनी मंडळीत हे प्रश्न विचारावे : १. नाथान एकटा का गेला? २. यासोनाचा अपराध काय होता? ३. ज्याचा आपणांस राग आहे त्याच्या दारी आपण गेलो, तर दार उघडावयास कोण येईल?