नवरीच्या बॅगेत चष्मा

नाशिकमध्ये लग्न म्हटलं की लॉन्स आणि लॉन्सवरचं रिसेप्शन म्हणजे रात्रीचे बारा ठरलेलेच. माझ्या भाचीचा नंबर चांगलाच मोठा. पण नवरीला चष्मा? छे! साखरपुड्यापासूनच लेन्स आल्या. पाठवणी, गृहप्रवेश, उखाणे उरकून ती आडवी झाली तेव्हा पहाट होत आली होती. लेन्सची डबी आणि सोल्यूशन माहेरच्या बॅगेत, चष्मा तर आणलाच नव्हता. नव्या घरात मागणार कुणाकडे? तशीच झोपली.

सकाळी डोळा लाल. होमाचा धूर, जागरण, रडणं, कारणं काय हाताशीच होती. एकीने गुलाबपाणी सुचवलं, दुपारी मेडिकलमधून थेंब आले. संध्याकाळी तिला खिडकीतला उजेडही सोसवेना, तेव्हा कुठे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा उजेड टाकला आणि मलाही मशीनमधून बघायला लावलं. बुबुळाच्या कडेला मोहरीएवढा हिरवा ठिपका चमकत होता. कॉर्नियाला अल्सर. मेडिकलमधली बाटली पाहून मात्र डॉक्टरांचा आवाज चढला. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. त्याने लाली उतरते, आत जंतूंना रान मोकळं मिळतं.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. तो ऑक्सिजन हवेतून, अश्रूंवाटे घेतो. डोळा मिटला की पुरवठा तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि त्यातही लेन्स आड आली की कॉर्निया सुजतो, वरचा थर कमजोर पडतो. पापण्यांची उघडझाप नाही, त्यामुळे लेन्सखालची घाण धुऊन निघत नाही. स्यूडोमोनाससारख्या जंतूंना एवढं पुरतं. महागाच्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्सनी हे टळतं, असा समज आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत साध्या सॉफ्ट लेन्स रोज काढणाऱ्या दर १०,००० जणांत वर्षाला सुमारे २ जणांना संसर्ग झाला, त्याच घालून झोपणाऱ्यांत जवळपास २० जणांना. सिलिकॉनवाल्या घालून झोपणाऱ्यांत तर २५! ‘मंथली’ म्हणजे महिनाभर डोळ्यात ठेवायची लेन्स नव्हे, हे दुकानदाराने सांगायला हवं.

वणीचं देवदर्शन राहिलं. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा गजर लावून. ते काम जावईबापूंनी केलं. डाग कडेला होता म्हणून नजर वाचली, पण पांढुरकी खूण राहिली ती राहिलीच.

लग्नाच्या यादीत हळद-कुंकवाच्या शेजारी चष्मा, डबी, सोल्यूशन लिहा आणि ते करवलीच्या पर्समध्ये ठेवा. डोळा लागलाच, तर उठल्याबरोबर लेन्स ओढू नका. ती कोरडी होऊन चिकटलेली असते. लेन्सवर चालणारे थेंब घाला, पापण्या मिटा-उघडा, लेन्स सरकू लागली की मगच काढा. तो दिवस चष्म्यावर काढा. दुखलं, लाल झालं, अंधुक दिसलं, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्स आणि डबीही सोबत न्या, त्यातून जंतू ओळखायला मदत होते.

आणि पाण्यापासून लेन्स लांबच ठेवा. नळाच्या पाण्यातही अकँथअमीबा असू शकतो आणि त्याचे उपचार महिनोन् महिने चालतात. २०२७च्या सिंहस्थात रामकुंडावर डुबकी मारायची असेल, तर लेन्स घरीच काढून ठेवा. चष्मा काठावर कपडे सांभाळणाऱ्याकडे द्या.